ग्राफ काढणारं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना अडकतं, तेव्हा नेमकं काय होतं? ‘कंपायलर मिसमॅच’ कसा ओळखायचा आणि कसा सोडवायचा?

समजा, घोरावाडीहून रोज लोकलनं कॉलेजला जाणारी एक विद्यार्थिनी मावळातल्या पावसावर प्रोजेक्ट करतेय. आकडे हाताशी आहेत. आता फक्त पायथनमधलं मॅटप्लॉटलिब किंवा थ्रीडी चित्रांसाठी मायावी घ्यायचं आणि ग्राफ काढायचा. ती इन्स्टॉलची आज्ञा देते आणि स्क्रीनवर लाल ओळींची रांग सुरू होते. परवा सबमिशन आहे आणि मोबाईलचा आजचा डेटा संपत आलाय.

अशा वेळी अनेकांना वाटतं की लॅपटॉपच बिघडलाय, किंवा हे आपल्या आवाक्यातलं नाही. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. सॉफ्टवेअरचे दोन भाग वेगवेगळ्या कंपायलरनं किंवा वेगवेगळ्या व्हर्जनसाठी तयार झालेले असतात आणि ते एकमेकांना जुळत नाहीत. यालाच ‘कंपायलर मिसमॅच’ म्हणतात.

कोणते दोन भाग जुळत नाहीत हे एकदा कळलं, की बहुतेक वेळा उपाय काही मिनिटांचा असतो. ते कसं शोधायचं आणि पुढे काय करायचं, हे समजून घेऊ.

(या लेखात आज्ञा आणि एरर उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत टाइप कराव्या लागतात.)

कंपायलर म्हणजे काय? ग्राफशी त्याचा काय संबंध?

माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरला थेट समजत नाही. सी, सी++ किंवा फोर्ट्रान या भाषांत लिहिलेला कोड प्रोसेसरच्या भाषेत बदलून देणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. लिनक्सवर साधारणपणे जीसीसी वापरतात, विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ आणि मॅकवर क्लँग.

पण पायथनला तर कंपाइल करावं लागत नाही, मग हा प्रश्न येतो कुठून?

पायथनमध्ये आपण लिहिलेल्या दहा ओळी वरवरच्या असतात. लाखो आकड्यांची गणितं करणारं नमपाय आतून मुख्यतः सी भाषेत आहे. सायपायमध्ये सी, सी++ आणि फोर्ट्रान आहे. अक्षरं, रेषा आणि रंग पडद्यावर उमटवणारा मॅटप्लॉटलिबचा भाग सी++ मध्ये आहे. हे सगळं कोणीतरी, कुठेतरी, कोणत्या तरी कंपायलरनं आधी कंपाइल केलेलं असतं. ते तयार रूपात मिळालं नाही, तर तुमचा लॅपटॉप स्वतः कंपाइल करायला बसतो. लाल ओळी बहुतेकदा तिथूनच सुरू होतात.

मिसमॅच नेमका कशात होतो?

घोरावाडीवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाचंच उदाहरण घेऊ. कल्याण-पुणे मार्ग १९२९ साली विजेवर आला, तो १,५०० व्होल्ट डीसीवर. पुढे कित्येक दशकांनी तो २५,००० व्होल्ट एसीवर नेण्यात आला. रूळ तेच, रुळांमधलं अंतर तेच, स्टेशनंही तीच. पण फक्त डीसीवर चालणारं जुनं इंजिन आज त्या तारेखाली उभं केलं तर चालणार नाही. बाहेरून बघणाऱ्याला मात्र सगळं जुळलेलंच दिसेल.

कंपाइल केलेल्या सॉफ्टवेअरचंही असंच असतं. आकडा मेमरीत किती जागा घेईल, एका फंक्शननं दुसऱ्याला माहिती कशी द्यायची, उत्तर कुठे ठेवायचं, फंक्शनचं नाव फाइलमध्ये कसं लिहायचं, हे संकेत कंपायलर ठरवतो. या संकेतांना मिळून ‘एबीआय’ म्हणतात. मूळ कोड अगदी सारखा असला तरी दोन भागांचे संकेत वेगळे असतील तर ते एकत्र चालत नाहीत.

सी भाषेचे संकेत एका प्रकारच्या मशीनवर बऱ्यापैकी स्थिर आहेत. खरा त्रास सी++ आणि फोर्ट्रानमध्ये होतो. विंडोजवर व्हिज्युअल सी++ नं केलेली सी++ लायब्ररी आणि मिनजीडब्ल्यू या जीसीसीच्या विंडोजवरच्या रूपानं केलेली सी++ लायब्ररी एकमेकींना थेट जोडता येत नाहीत.

एरर वाचायची कशी?

लाल ओळींमधली शेवटची ओळ सहसा फक्त ‘इन्स्टॉल झालं नाही’ एवढंच सांगते. खरं कारण वर असतं. त्यामुळे वर स्क्रोल करा आणि ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा जिथे येतो ती ओळ शोधा. नेहमी दिसणारे प्रकार असे:

• ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड’: तुमच्या पायथनसाठी तयार पॅकेज मिळालं नाही, म्हणून पिप ते विंडोजवर कंपाइल करू पाहतंय आणि कंपायलर सापडत नाहीये. पायथन ३.५ पासून विंडोजवरचं पायथन याच कंपायलरच्या पिढीनं तयार होतं. जुन्या पायथन २.७ साठी व्हिज्युअल सी++ २००८ लागायचं आणि तेव्हा याच अडचणीला ‘व्हीसीव्हर्सऑल डॉट बॅट’ सापडत नाही अशी एरर यायची.

• ‘अ मॉड्यूल दॅट वॉज कंपाइल्ड यूझिंग नमपाय १.एक्स कॅनॉट बी रन इन नमपाय २’: जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं आणि त्यात एबीआय बदलला. नमपाय नवं आणि मॅटप्लॉटलिब किंवा दुसरं एखादं पॅकेज जुनं असेल तर हा संदेश येतो. एकतर ते जुनं पॅकेज अपग्रेड करा, किंवा नमपाय २ च्या खालच्या व्हर्जनवर आणा. ‘नमपाय डॉट डीटाइप साइझ चेंज्ड’ ही एररही याच घराण्यातली.

• ‘जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.२९ नॉट फाउंड’: लिनक्सवर येणारी एरर. पॅकेज नव्या जीसीसीनं बनलंय, पण तुमच्या सिस्टिमवरची सी++ ची मूळ लायब्ररी जुनी आहे. ३.४.२९ हा क्रमांक जीसीसी ११ बरोबर आला.

• ‘अनडिफाइंड रेफरन्स’ आणि त्यापुढे ‘सीएक्सएक्स११’: २०१५ मध्ये जीसीसी ५ आलं, तेव्हा सी++ मधल्या स्ट्रिंगची मेमरीतली मांडणी बदलली. त्याआधीची लायब्ररी आणि त्यानंतरची लायब्ररी एकत्र आल्याची ही खूण.

• ‘लिबजीफोर्ट्रान डॉट एसओ डॉट ३’ सापडत नाही: पॅकेज जुन्या फोर्ट्रान कंपायलरनं केलेलं आहे. जीसीसी ७ मध्ये हा क्रमांक ४ झाला आणि जीसीसी ८ पासून ५ आहे.

• ‘इनकंपॅटिबल आर्किटेक्चर’: मॅकवर २०२० पासून ॲपलचे स्वतःचे प्रोसेसर आले. इंटेल मॅकसाठी केलेली लायब्ररी नव्या मॅकच्या पायथनमध्ये जोडली की ही एरर येते. ‘युनिव्हर्सल२’ नावाच्या पॅकेजमध्ये दोन्ही प्रोसेसरसाठीचा कोड एकत्र असतो. मध्य रेल्वेनं एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारी इंजिनं वापरली होती, तसाच हा प्रकार.

• ‘नॉट अ सपोर्टेड व्हील ऑन धिस प्लॅटफॉर्म’: पॅकेजची फाइल दुसऱ्या पायथन व्हर्जनसाठी, दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, किंवा ३२ बिट आणि ६४ बिटमधल्या चुकीच्या प्रकारासाठी आहे.

खगोलशास्त्रातलं उदाहरण: पीजीप्लॉट

हा प्रश्न फक्त नवशिक्यांचा आहे असं नाही. खगोलशास्त्रात अनेक वर्षं वापरली जाणारी पीजीप्लॉट ही ग्राफ काढण्याची लायब्ररी याचं उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेतल्या कॅलटेकच्या टिम पिअर्सन यांनी ती फोर्ट्रानमध्ये लिहिली. तिचं ५.२.२ हे व्हर्जन २००१ मधलं आहे.

पल्सार शोधण्यासाठी जगभर वापरलं जाणारं प्रेस्टो हे सॉफ्टवेअर ग्राफसाठी पीजीप्लॉटवर अवलंबून आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या पल्सार निरीक्षणांच्या विश्लेषणातही प्रेस्टो वापरलं गेलं आहे. म्हणजे आजच्या लॅपटॉपवर २००१ ची लायब्ररी कंपाइल करण्याची वेळ खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्यावर येऊ शकते.

अडचण अशी, की पीजीप्लॉटच्या लिनक्ससाठीच्या सेटिंगमध्ये जी७७ हा फोर्ट्रान कंपायलर गृहीत धरलेला आहे. २००५ मध्ये जीसीसी ४.० आलं तेव्हा जी७७ ची जागा जीफोर्ट्राननं घेतली. त्यामुळे आज जी७७ शोधत बसण्यात अर्थ नाही. तयार झालेल्या मेकफाइलमध्ये फोर्ट्रान कंपायलरचं नाव बदलून जीफोर्ट्रान करायचं आणि पीएनजी चित्रांसाठीच्या हेडर फाइलचा पत्ता दुरुस्त करायचा. मग ‘पीजीप्लॉट_डिर’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल योग्य फोल्डरकडे वळवायचा. फाँटची फाइल सापडली नाही तर रेषा येतात, पण अक्षरं येत नाहीत.

याहून सोपा मार्गही आहे. डेबियन आणि उबुंटूमध्ये पीजीप्लॉटचं तयार पॅकेज मिळतं. पीजीप्लॉटच्याच आज्ञा समजणारी ‘गिझा’ ही नवी लायब्ररीही उपलब्ध आहे.

जुना फोर्ट्रान कोड आणि नवा कंपायलर यांची आणखी एक गाठ २०२० मध्ये पडली. जीसीसी १० पासून जीफोर्ट्रान फंक्शनला दिलेल्या आकड्यांच्या प्रकारांबद्दल कडक झालं. आधी नुसती सूचना देऊन सोडून दिलेल्या गोष्टी आता एरर ठरतात. ‘टाइप मिसमॅच’ असं दिसलं तर ‘एफअलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ हा पर्याय दिल्यावर जुना कोड पुन्हा कंपाइल होतो.

मायावी का अडतं?

थ्रीडी वैज्ञानिक चित्रं काढणाऱ्या मायावीचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागातले प्राध्यापक प्रभु रामचंद्रन यांनी ते सुरू केलं. हवेचा प्रवाह, चुंबकीय क्षेत्र किंवा डोंगराचे चढउतार फिरवून बघता येतील अशी चित्रं त्यातून मिळतात.

मायावी उभं आहे व्हीटीके या सी++ मधल्या मोठ्या लायब्ररीवर. इन्स्टॉल होताना ते तुमच्याकडच्या व्हीटीकेप्रमाणे स्वतःचा एक थर तयार करून घेतं. त्यामुळे त्या क्षणी व्हीटीके आणि नमपाय आधीच हजर असावे लागतात. नंतर कधी तुम्ही एकटं व्हीटीके अपग्रेड केलंत, तर तो थर जुन्या व्हर्जनचा राहतो आणि दोन्ही जुळत नसल्याचा इशारा येतो. अशा वेळी मायावी पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं.

सोडवायचं कसं? या क्रमानं जा

सोप्या उपायापासून सुरुवात करा. बहुतेकांचं काम पहिल्या पाच पायऱ्यांतच होतं.

१. आपलं पायथन कोणतं ते बघा. टर्मिनलमध्ये ‘पायथन’ लिहून एंटर करा. सुरुवातीच्या ओळींत व्हर्जन असतं आणि चौकटी कंसात ते कोणत्या कंपायलरनं केलंय तेही असतं, उदाहरणार्थ ‘जीसीसी ११.४.०’ किंवा ‘एमएससी व्ही.१९’ पुढे ‘६४ बिट’. ही माहिती लिहून ठेवा.

२. पिप अपग्रेड करा. जुन्या पिपला नव्या पॅकेजच्या फाइलचं नाव कळत नाही. मग तयार पॅकेज समोर असूनही ते कंपाइल करायला धावतं.

३. वेगळं एन्व्हायर्नमेंट करा. पायथनच्या ‘व्हेन्व्ह’नं प्रोजेक्टसाठी स्वतंत्र फोल्डर बनवा आणि त्यातच इन्स्टॉल करा. आधीच्या प्रोजेक्टमधलं जुनं नमपाय मग मध्ये येत नाही.

४. फक्त तयार पॅकेज मागा. पायथनच्या तयार पॅकेजला ‘व्हील’ म्हणतात. पिपला ‘ओन्ली-बायनरी’ हा पर्याय दिला की ते कंपाइल करायचा प्रयत्नच करत नाही. व्हील नसेल तर लगेच तसं सांगतं. लाल ओळींऐवजी एक स्पष्ट उत्तर मिळतं आणि वेळही वाचतो.

५. पायथन एखादं व्हर्जन मागे घ्या. हे सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. पायथनचं नवं व्हर्जन दरवर्षी येतं, पण प्रत्येक पॅकेजचं व्हील त्याच दिवशी तयार नसतं. व्हीलच्या नावात ‘सीपी३१२’ असेल तर ते पायथन ३.१२ साठी आहे. तुमचं पायथन अगदी नवं असेल आणि व्हील मिळत नसेल, तर त्याआधीचं व्हर्जन वापरा.

६. कोंडा-फोर्ज वापरून बघा. मिनिफोर्ज इन्स्टॉल केलं की कोंडा-फोर्जवरची पॅकेजेस मिळतात. इथे पायथन, नमपाय, फोर्ट्रान लायब्ररी, व्हीटीके, मायावी ही सगळी पॅकेजेस एकमेकांशी जुळतील अशा ठरवलेल्या कंपायलरनं बांधलेली असतात. मायावीसारख्या अवघड पॅकेजसाठी हा मार्ग सोयीचा आहे. मात्र एका एन्व्हायर्नमेंटमध्ये कोंडा आणि पिप यांची सरमिसळ शक्यतो टाळा.

७. शेवटी, स्वतः कंपाइल करा. वेळ आलीच तर नियम एकच: सगळे भाग एकाच कंपायलरच्या एकाच व्हर्जननं करा. लिनक्सवर ‘सीसी’, ‘सीएक्सएक्स’ आणि ‘एफसी’ हे तीन व्हेरिएबल अनुक्रमे सी, सी++ आणि फोर्ट्रानचा कंपायलर ठरवतात. तिघंही एकाच जीसीसीकडे वळवा. कंपायलर बदलला तर आधीच्या अर्धवट फाइल साफ करा. पिप स्वतः कंपाइल केलेलं पॅकेज साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तेच देतं, त्यामुळे ‘नो-कॅश-डिर’ हा पर्यायही द्या. विंडोजवर यासाठी मायक्रोसॉफ्टचे बिल्ड टूल्स लागतात आणि ते काही जीबींचे असतात. मोबाईल हॉटस्पॉटवर असाल तर आधीच्या सहा पायऱ्या नक्की करून बघा.

आयसर पुण्याच्या ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकांवर काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. अशा यंत्रणांवर अनेक कंपायलर शेजारी शेजारी असतात आणि ‘मॉड्यूल लोड’ या आज्ञेनं त्यातला एक निवडायचा असतो. पॅकेज कंपाइल करताना निवडलेलं मॉड्यूलच प्रोग्रॅम चालवतानाही निवडा.

काय करू नये?

‘लिबजीफोर्ट्रान डॉट एसओ डॉट ५’ ला ‘डॉट ३’ असं नाव देऊन काम भागवण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. तो ऐकू नका. क्रमांक बदलला तो संकेत बदलले म्हणूनच. नुसतं नाव बदलल्यानं संदेश जातो, मिसमॅच तसाच राहतो.

विंडोजवर हरवलेली डीएलएल फाइल अनोळखी साइटवरून उतरवू नका. त्यात व्हायरसचा धोका आहेच, शिवाय ती दुसऱ्याच कंपायलरची असू शकते. लिनक्सवर सिस्टिमचं पायथन काढून टाकू नका आणि ‘सुडो’ लावून पिप चालवू नका. उबुंटूचे स्वतःचे अनेक भाग त्याच पायथनवर चालतात.

इन्स्टॉल झालं, ग्राफही आला. मग झालं का?

नाही. खरा धोका इथे आहे.

जी७७ आणि जीफोर्ट्रान यांच्यात एक बारीक फरक होता. साध्या दशांश आकड्याचं उत्तर परत देताना जी७७ ते दुप्पट लांबीच्या आकड्यात द्यायचं, जीफोर्ट्रान मात्र साध्याच लांबीत देतं. लायब्ररी एकानं आणि प्रोग्रॅम दुसऱ्यानं कंपाइल केलेला असेल, तर अनेकदा कोणतीही एरर येत नाही. प्रोग्रॅम चालतो, फक्त उत्तर चुकतं. ॲपलच्या गणिती लायब्ररीतही हाच जुना संकेत होता आणि त्यामुळे सायपायच्या मॅकवरच्या वापरकर्त्यांना चुकीच्या उत्तरांचा त्रास झाला होता.

एरर देऊन थांबणारं सॉफ्टवेअर फक्त तुमचा वेळ घेतं. न थांबता चुकीचा ग्राफ देणारं सॉफ्टवेअर तुमचा निष्कर्षच चुकवतं, आणि तो ग्राफ रिपोर्टमध्ये छापला जातो.

म्हणून इन्स्टॉल झाल्यावर पाच मिनिटं तपासणीला द्या. पिपची ‘चेक’ ही आज्ञा चालवा. पॅकेजेसनी मागितलेली व्हर्जन प्रत्यक्षात आहेत की नाहीत ते ती सांगते. उत्तर आधीच माहीत असलेला ग्राफ काढा, उदाहरणार्थ १ ते १० चे वर्ग. तुमच्या आकड्यांतल्या एका रकान्याची सरासरी कॅल्क्युलेटरवर काढून पायथनच्या उत्तराशी ताडून बघा. आणि आपल्या भागाबद्दलची माहितीही वापरा. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाटमाथ्यावरच्या लोणावळ्यात त्याच्या अनेक पट. ग्राफमध्ये पुणे लोणावळ्याच्या वर दिसत असेल, तर आकडे, कोड आणि इन्स्टॉलेशन या तिन्हींवर संशय घ्या.

मदत कुठे मिळेल?

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि पायथनसारख्या विषयांचे मोफत धडे आहेत आणि त्यातले अनेक मराठीत ऐकता येतात. याच संस्थेतला ‘फॉसी’ प्रकल्प महाविद्यालयांत मुक्त सॉफ्टवेअरचा वापर वाढवण्यासाठी काम करतो.

शिक्षकांना किंवा ओळखीच्या कोणाला विचारणार असाल तर ‘इन्स्टॉल होत नाहीये’ एवढंच सांगू नका. ऑपरेटिंग सिस्टिम, पायथनच्या सुरुवातीच्या ओळी, दिलेली आज्ञा आणि ‘एरर’ शब्द असलेली पहिली ओळ, या चार गोष्टी पाठवा. लाल पडद्याचा तिरका फोटो पाठवण्यापेक्षा मजकूर कॉपी करून पाठवला तर समोरच्याला तो शोधताही येतो.

आणि एकदा सगळं नीट चाललं, की ‘पिप फ्रीझ’ किंवा ‘कोंडा एन्व्ह एक्सपोर्ट’ या आज्ञेनं सगळ्या पॅकेजेसची व्हर्जनसकट यादी एका फाइलमध्ये साठवून ठेवा. लॅपटॉप बदलला किंवा प्रोजेक्टमधल्या दुसऱ्या कोणाला तेच काम पुढे न्यायचं असलं, तर त्या यादीवरून तीच व्हर्जन पुन्हा इन्स्टॉल करता येतात.